चोपलेला उतार

साल दोन हजार अकरा. मी बासष्ट वर्षांचा होतो, अण्णा, आणि तू छप्पन्नचा. महाप्याला रस्त्यासाठी डोंगर कापून ठेवला होता. त्या कापलेल्या उताराखाली आपण दोघे पहिल्यांदा समोरासमोर उभे राहिलो. तू टेम्पोतून उतरलास. पांढरा शर्ट, कपाळाला भस्म, आणि बियाण्याची गोणी अशी उचललेली की जणू आत लेकरू झोपलंय. मी विचारलं, “तू कंचा?”

तुझा चेहरा पडला. पुढे कधीतरी तू सांगितलंस, आमच्या सोलापूरकडे अनोळखी माणसाला पहिल्याच वाक्यात ‘तू’ म्हणणारा एकतर पोलीस असतो नाहीतर प्यालेला. आमच्या बोनकोड्यात आम्ही बापाला तू म्हणतो, सासऱ्याला तू म्हणतो, देवाला तर म्हणतोच. “देवाला चालतं, तुला नाय चालत?” असं मी म्हणालो होतो. तू तेव्हा हसला नाहीस. दोन महिन्यांनी हसलास.

आज तुला जाऊन सहा दिवस झाले. चौथी शिकलेल्या हाताला लिहायला वेळ लागतो. एक पान लिहायला मला सकाळ जाते. पण तोंडाने बोलायची चौदा वर्षं मी घालवली, तेव्हा आता हाताने सोसावं.

आपल्याला त्या उतारावर गवत उगवायचं होतं. ऐकणारे हसायचे. गवत काय, ते आपोआप येतं, त्याला मुकादम कशाला, कृषी खात्यातून रिटायरमेंट घेतलेला माणूस कशाला? तू प्रत्येकाला शांतपणे समजावायचास. कापलेल्या डोंगरावर वरची माती उरत नाही, ती आधीच डंपरमधून गेलेली असते. उरतो तो लाल मुरूम. त्यावर गवत आपोआप येईपर्यंत डोंगरच आपोआप खाली येतो. आणि खाली घरांची एक रांग होती. दर पावसात त्यांच्या दारात लाल पाणी यायचं. ठेकेदाराने तुला बियाण्यासाठी ठेवला आणि मला माणसांसाठी. माझी बारा माणसं, पाच बाया आणि सात पुरुष. सगळी गावची. शहरासाठी जमिनी गेल्यावर ज्यांना कुठेच चिकटता आलं नाही, अशी.

पहिल्याच दिवशी तू दाताळं मागितलंस आणि जमिनीवर आडव्या रेघा ओढून दाखवल्यास. “नाना, उतार खडबडीत राहू द्या बरं का. अशा आडव्या रेघा मारायच्या. बी बसायला खोबण पायजे, पाणी थांबायला पायरी पायजे. गुळगुळीत केलात तर सगळं सरकून खाली.”

मी म्हटलं, “मना नको शिकवू. जन्म बांध घालन्यात गेलाय.”

तीन दिवस आपण चहावर भांडलो. तुला माझं म्हणणं कळत नव्हतं आणि मला तुझं कळून घ्यायचं नव्हतं. आमच्या खाडीकाठच्या खाचरांना बांध म्हणजे जीव. खारं पाणी बाहेर ठेवायचं, गोडं पाणी आत धरायचं. मृगाच्या आधी चिखल लावून बांध चोपायचा. चोपणं म्हणजे मूठ लावलेली जाड फळी. तिने मारत सुटायचं, बांध आरशासारखा होईपर्यंत. मग बाप अनवाणी त्यावरून चालायचा. पायाला एक खडा लागला तरी म्हणायचा, परत चोप. ज्या बांधाला खरबरीतपणा, त्याला भेग. जिथे भेग तिथे खेकडा, जिथे खेकडा तिथून पाणी. हे मी दहाव्या वर्षी शिकलो. आणि तू सांगत होतास की मुद्दाम खरबरीत ठेव.

चौथ्या दिवशी तुझी आई आजारी पडली म्हणून तू गावी गेलास. जाताना सांगितलंस, “पाच दिवसांत येतो. उतार तयार ठेवा. बी आपण दोघं मिळून पेरू.”

मी उतार तयार ठेवला. कसा, ते तुला ठाऊक आहे.

गावातल्या गोठ्यांतून, माळ्यांवरून मी जुनी चोपणी काढायला लावली. एकाचं चोपणं तर कोंबड्यांच्या खुराड्याचं दार झालं होतं, तेही आणलं. पार्वती आमच्यातली जुनी बाई, ती म्हणाली, “नाना, अण्णा तर बोल्ला खडबडीत ठेवा.” मी म्हटलं, “अण्णाला बी ठाव हाय, पानी ठाव नाय.” आम्ही मुरमावर पाणी शिंपडलं आणि चोपायला लागलो. अण्णा, मला तो आवाज तीस वर्षांनी ऐकू आला. माझं खाचर होतं तिथे आता एका सोसायटीचं पार्किंग आहे. बांध होता तिथे वॉचमनची केबिन. तीस वर्षं माझ्या हातात चोपणं आलं नव्हतं. म्हातारे गडी जोशात आले. तिसऱ्या संध्याकाळी उतार उन्हात तांब्याच्या घंगाळासारखा चमकत होता. मी चपला काढल्या आणि आडवा चालत गेलो, बापासारखा. पायाला खडा लागला नाही.

त्याच संध्याकाळी मला तुझी भीती वाटली. म्हणून मी त्या चोपलेल्या उतारावर बोटभर भुसभुशीत माती पसरवून घेतली आणि तीवर दाताळ्याने तुझ्या आडव्या रेघा ओढायला लावल्या. चोपणं ही माझी समजूत होती. झाकणं ही लबाडी होती. इतक्या वर्षांत मी यांतलं पहिलं मनाशी कबूल करत आलो आणि दुसऱ्याकडे पाठ फिरवत आलो.

तू आलास, पाहिलंस, आणि तुझं तोंड उजळलं. “झकास केलात की ओ नाना. मला वाटलं होतं तुमी ऐकणार नाही.” मी बिडी पेटवली. आपण मारवेल गवत पेरलं, पवना पेरला. गवताला वेळ लागतो म्हणून मधून नाचणी टाकली. ती चार दिवसांत वर येते आणि गवत मोठं होईपर्यंत माती धरून ठेवते, असं तू बायांना सांगत होतास. वरून वाळकं गवत अंथरलं. पाऊस सुरू झाल्यावर नाचणी वर आली. उतारावर हिरवी लव दिसायला लागली. तू रोज सकाळी येऊन ती बघायचास, बारशाला आल्यासारखा.

मग दोन दिवस झड लागली. तिसऱ्या सकाळी निरोप आला. आपण पोचलो तेव्हा अंगावरची चादर ओढावी तशी सगळी वरची माती खाली आली होती. नाचणी, गवत, बी, सगळ्यासकट. गटार बुजलं होतं, सहा घरांत गुडघाभर गाळ होता. एक बाई बादलीने घरातला चिखल उपसत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती बादली माझ्या पायांवर ओतली. आणि वर उतार तसाच होता. उघडा, धुतलेला, चमकणारा. माझं काम टिकलं होतं, अण्णा. तुझं वाहून गेलं होतं.

तू हातापायांवर वर चढलास. मुरमावर तळहात फिरवलास. चोपण्याच्या कडेचा ठसा असतो, चौकोनी, कोपऱ्याशी खोल. तुझं बोट त्या कोपऱ्यात थांबलं. तू खाली माझ्याकडे बघितलंस. मी छत्री मिटत होतो. ती केव्हाच मिटली होती, तरी मिटत होतो.

साहेब आले. चूक कोणाची, एवढंच त्यांनी विचारलं. माझी बारा माणसं मागे ओळीत उभी होती. पार्वतीने पदर तोंडात धरला होता. तू उतरून आलास, हाताचा चिखल रुमालाला पुसलास आणि म्हणालास, “बी जुनं निघालं, साहेब. निवड माझी होती.”

संध्याकाळी तुला कामावरून काढलं. माझी माणसं राहिली. मीही राहिलो.

त्या दिवसापासून मी तुला ‘तुमी’ म्हणायला लागलो. लोकांना वाटलं, नाना सुधारला, मोठ्या माणसाला मान द्यायला शिकला. तुला कळलं होतं. ज्याच्यासमोर मान वर होत नाही त्याला मान दिलेला बरा, एवढंच ते होतं. रस्त्यात भेटलास की, “काय अण्णा, बरे हाव ना तुमी?” आणि तू मान हलवायचास, आणि आपण आपापल्या बाजूला.

तीन वर्षांनी तू आमच्या दारात येऊन उभा राहिलास. खारघरच्या टेकडीला एका कॉलेजच्या भिंतीमागे उतार उघडा पडलाय, काम मिळालंय, मुकादम पाहिजे. मी म्हटलं, गावात दुसरे मुकादम आहेत, माझं वय झालं. तू ओट्यावर बसलास आणि पाणी मागितलंस. मग म्हणालास, “दुसरे आधी हौ म्हणतात आणि मग करत नाहीत. तुमी आधी भांडता आणि मग करता.” मी तरी भांडलो. मग आलो.

तिथे दाताळं मी कोणाच्या हातात दिलं नाही. वरपासून खालपर्यंत सगळ्या आडव्या रेघा मी ओढल्या, पासष्टीतल्या कमरेने. ढेकळं राहू दिली. वाळकं गवत अंथरून वर काथ्याची दोरी ओढली, बांबूच्या खुंट्या ठोकल्या. तू खाली उभा राहून बघत होतास. काही बोलला नाहीस. मी वरून काही बोललो नाही. आपण बोललो असतो तर ते तिथेच बोललो असतो.

दसऱ्यापर्यंत गवत मांडीला लागलं. तू मला वर नेलंस आणि म्हणालास, उपटून बघा. मी एक बुंधा दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. आला नाही. पाय रोवून ओढला. हात कापला, गवत आलं नाही. मी म्हटलं, “तुझ्या बियाला काय चारलास रे?” ‘तुझ्या’ कसं निघालं ते मला घरी गेल्यावर कळलं. तुला तिथेच कळलं असणार. तू चष्मा काढून पुसायला लागलास.

त्यानंतर दर साली दिवाळीच्या आगेमागे आपण बी गोळा करायला जायचो. गळ्यात झोळी, हातात विळा, टेकड्यांमागे जिथे अजून बिल्डिंगा पोचल्या नाहीत तिथे. तुझी बायको, आमची अक्का, डब्यात ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी द्यायची, आमच्याकडून सुकटीची चटणी निघायची. तिच्याकडे तू बघायचासही नाहीस आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूला जाऊन जेवायचास. आपण दोन माणसं, चार हात लांब बसून, ओरडून गप्पा मारत जेवायचो.

कुसळी पहिल्यांदा तूच मला नीट दाखवलीस. मला ती फक्त धोतरात घुसणारी म्हणून ठाऊक होती. तू एक बी तळहातावर ठेवलंस, वर थुंकीचं बोट लावलंस. तिची शेपटी पीळ सुटल्यासारखी गरगर फिरायला लागली. “बघा. ओल लागली की स्वतःच फिरते आणि जमिनीत घुसते. पेरायला माणूस लागत नाही. आणि एकदा घुसली की मागं निघत नाही, उलटे केस असतात तिला. कोणासारखी?” मी म्हटलं, “तुझ्या बायकोसारखी.” तू इतका हसलास की झोळीतलं बी सांडलं.

हे सगळं तू मला दिलंस. जमीन गेलेल्या माणसाला म्हातारपणी परत पेरायला लावलंस. पारशिकाच्या बाजूला, खारघरला, उरणच्या रस्त्याला, जिथे जिथे आपण गवत लावलं तिथून रिक्षाने जाताना मी शेजारच्या अनोळखी माणसाला सांगतो, हा उतार आमचा आहे. तो मोबाईलमधून मान काढून बघतो. त्याला गवत दिसतं. मला तू दिसतोस.

आणि महाप्यावरून जाताना मी दुसरीकडे बघतो. तिथे आता सिमेंट मारलंय.

एक गोष्ट मी अजून सोडत नाही, तू गेलास म्हणून काय सोडणार नाही. भाताच्या खाचराचा बांध चोपायलाच पाहिजे. तिथे तुझं दाताळं चालायचं नाही. त्यावर तू मागच्या उन्हाळ्यात “बघू की” म्हणाला होतास. ते बघायचं राहिलं.

शेवटचं भेटलो ते तुमच्या सेक्टरातल्या बागेत, बाकावर. कागदी कपात चहा होता. तू कप बाकावर ठेवलास. मग म्हणालास, “नाना, महाप्याचा तो उतार...”

मी म्हटलं, “चहा गार होतोय, पी.”

तू माझ्याकडे बघितलंस. मग कप उचललास आणि प्यायलास. सगळा प्यायलास. त्यानंतर चार दिवसांनी तुझ्या मुलाचा फोन आला.

तुमच्यात जाळत नाहीत हे मला ठाऊक होतं, पण बसवून पुरतात हे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तू पूजेला बसल्यासारखा होतास. बेलाची पानं, भस्म. पाऊस थांबलेला, पण आभाळ भरलेलं. माती लोटून झाली, वर ढीग आला, आणि मग खड्डा खणणारे दोघे पुढे झाले आणि फावड्याच्या पाठीने तो ढीग चोपायला लागले. चारी बाजूंनी. गुळगुळीत होईपर्यंत. लोक बघत होते, कोणीतरी म्हणालं, छान झालं. मलाही छान वाटलं, अण्णा. माझ्या हाताला ते ओळखीचं होतं. मनात आलं, डावीकडे अजून दोन फटके पाहिजेत.

तेवढ्यात भुरभुर सुरू झाली. लोक छत्र्या उघडून स्मशानभूमीच्या गेटाकडे निघाले. मी मागे वळून पाहिलं. तुझ्या चोपलेल्या मातीवरून पाणी कुठेही न थांबता खाली येत होतं. पायथ्याशी लाल रेघ तयार झाली होती आणि ती गटाराच्या दिशेने निघाली होती.

मी तसाच लोकांबरोबर तुझ्या घरी गेलो. घर पाहुण्यांनी भरलेलं. सोलापूरहून गाडी आली होती. अक्का भिंतीला टेकून बसली होती. मला ठाऊक होतं काय करायला पाहिजे. पण ताज्या मातीला दुसऱ्याच्या माणसाने हात लावायचा म्हणजे घरच्यांना विचारायला पाहिजे. आणि विचारलं की कशासाठी ते सांगायला पाहिजे. मी दोनदा उठून दारापर्यंत गेलो. दोनदा चपला घातल्या. आधी भांडतो आणि मग करतो, असं तूच म्हणाला होतास. तर मी आपल्याशीच भांडलो आणि परत येऊन तिच्यासमोर खाली बसलो.

“अक्का, मना उद्या सकाळी अण्णाची माती खरडायची हाय.”

पाहुणे वळून बघायला लागले. तुझा मुलगा उठून उभा राहिला. अक्काने त्याला हाताने थांबवलं. “कशाला, नाना?”

“चोपलीय ती. चोपलेल्या मातीवर पानी थांबत नाय. गवत धरत नाय.” मग पुढचं माझ्या तोंडातून कसं बाहेर आलं ते मला ठाऊक नाही. “महाप्याचा उतार मी चोपला होता, अक्का. तो गावी गेला तवा. आनि वरून माती टाकून झाकला. बी चांगला होता. त्याचा काय पन चुकला नव्हता.”

मला वाटलं होतं, ती विचारेल, काय म्हणता? किंवा रडेल.

“त्यांना म्हाईत होतं,” ती म्हणाली.

“मना पन ठाव होता, त्याला ठाव हाय.”

“तुमच्यासंगं बी गोळा करून आले की दर साली मी विचारायची, बोलले का नाना? ते म्हणायचे, नाही. दोन-चार सालांनी मी विचारायचं सोडलं.” तिने पदराने डोळे नाही, तोंड पुसलं. “त्यांनी वाट बघायचं सोडलं नव्हतं.”

अण्णा, त्या बाईने चिखलाची बादली माझ्या पायांवर ओतली होती ती मी विसरीन. हे मी विसरणार नाही. मला वाटायचं, तुला सगळं ठाऊक आहे म्हणजे बोलायचं काही उरलं नाही. तुला काही कळून घ्यायचं नव्हतंच. तुला माझ्या तोंडून ऐकायचं होतं. चार हात लांब बसून, ओरडून सांगितलं असतं तरी चाललं असतं.

मी उठलो. दारात पोचलो तेव्हा अक्का मागून म्हणाली, “जावा नाना. खरडा. पण हलक्या हातानं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी दाताळं फडक्यात गुंडाळून रिक्षात बसलो. मांडीवर झोळी होती. मागच्या दिवाळीत तू माझ्या माळ्यावर ठेवायला दिलेलं बी तीत होतं, मारवेल आणि थोडी कुसळी, आणि घरातली दोन मूठ नाचणी. गेटावरच्या वॉचमनने विचारलं, “आजोबा, काय काम हाय?” मी म्हटलं, “अर्धा ऱ्हायलेला काम हाय.” त्याने दाताळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि गेट उघडलं.

पायथ्याची लाल रेघ बोटभर रुंद झाली होती. मी आधी वाहून आलेली माती ओंजळीने गोळा करून परत वर टाकली. मग दाताळ्याने आडव्या रेघा ओढल्या, वरून खाली, हलक्या हाताने, ती म्हणाली तशा. ढेकळं फोडली नाहीत. बी टाकलं. नाचणी टाकली. वाळकं गवत अंथरलं, काथ्याची दोरी आडवी-उभी ओढली, चार खुंट्या दगडाने ठोकल्या. तू असतास तर म्हणाला असतास, मधली पाचवी कुठाय? पाचवी मी विसरलो होतो. मग कुंपणाची एक काटकी मोडून ठोकली.

सगळं झाल्यावर शेजारी बसलो. सवयीने हात उठला, वरून एकदा थापटून घ्यायला. मी तो हात खिशात घातला आणि रिक्षा येईपर्यंत बाहेर काढला नाही.